शह, चेक आणि ओळ क्रमांक 212

ॲपचं भाषांतर करायला मिळतं तेव्हा मजकूर वाक्यावाक्याने येत नाही, चुऱ्यासारखा येतो. एक्सेलची फाइल, डाव्या रकान्यात इंग्रजी, उजवा रकाना रिकामा. बटणावर काय लिहायचं, चूक झाली तर कुठला निरोप दाखवायचा, रंगांची नावं, महिन्यांची नावं, सगळं एकाखाली एक. कुठली ओळ कुठल्या पडद्यावर दिसणार आहे ते मला माहीत नसतं, आणि बऱ्याचदा पाठवणाऱ्यालाही नसतं.

गेल्या आठवड्यात अशी 640 ओळींची फाइल आली. खरेदी, प्रवासाची तिकिटं, बिलं भरणं, सगळं एकाच ॲपमध्ये कोंबलेलं. सोबत पानभर सूचना. त्यातली चौथी सूचना ठळक अक्षरात होती: एका इंग्रजी शब्दासाठी सगळीकडे एकच मराठी शब्द वापरावा.

ही सूचना लिहिणाऱ्याने स्वतः कधी एक पानही भाषांतरित केलेलं नाही, हे मी पैजेवर सांगते. तरी सुरुवात बरी झाली. 'सबमिट', 'कॅन्सल', 'नेक्स्ट' निमूटपणे रांगेत बसले. मग 'चेक' आला. दोनदा आला, चारदा आला, म्हणून शोधून मोजलं तर 37 ठिकाणी.

'चेक युअर ईमेल', म्हणजे ईमेल पाहा. 'चेक द डीटेल्स', म्हणजे तपशील तपासून घ्या. 'चेक द बॉक्स', म्हणजे चौकटीत बरोबरची खूण करा. पैसे 'चेक'ने भरा. कपड्यांच्या विभागात 'चेक्स', म्हणजे चौकड्या. खर्च 'इन चेक' ठेवा, म्हणजे खर्चाला आवर घाला. त्यात चेक-इन, चेकआउट आणि हेल्थ चेकअप आणखी वेगळे. आणि ओळ क्रमांक 212 मध्ये नुसतंच 'चेक'. मागे काही नाही, पुढे काही नाही. मी ती ओळ पिवळी करून ठेवली.

माझ्याकडे तोवर सात मराठी शब्द जमले होते. मी कळवलं की ही अट 'चेक'च्या बाबतीत पाळता येणार नाही. पलीकडून एका ओळीत उत्तर आलं, 'पण शब्द तर एकच आहे ना?'

राग आला. मग जास्त राग आला, कारण माणसाचं म्हणणं बरोबर होतं. शब्द खरोखर एकच आहे. एकाच उच्चाराचे दोन परके शब्द योगायोगाने शेजारी येऊन बसतात, तसंही इथे झालेलं नाही. कापडावरची चौकडी, बँकेचा चेक, ईमेल चेक करणं आणि खर्चाला आवर घालणं, हे सगळे एका आईची लेकरं आहेत. आणि त्या आईला मी लहानपणापासून ओळखत होते, मराठी नावाने.

बाबांचा बुद्धिबळाचा पट पुठ्ठ्याचा होता. मधोमध घडी घालून घालून तिथली घरं पार उडालेली. एक काळा हत्ती कधीच हरवलेला, त्याच्या जागी शाईच्या पेनाचं टोपण उभं असायचं. बाबा 'शह' अगदी हळू म्हणायचे, जवळजवळ माफी मागितल्यासारखं. मी तिकडे त्यांच्या वजिराला घेरण्याचा मोठा बेत रचलेला असायचा. दोन खेळ्या झालेल्या, तिसरी डोक्यात तयार. तेवढ्यात कोपऱ्यातून त्यांचा उंट तिरका यायचा आणि ते म्हणायचे, "शह." झालं. वजीर समोर उघडा पडलाय, घोड्याने उचलला की संपलं, पण हात लावता येत नाही. आता फक्त तीन गोष्टी करता येतात: राजा हलवायचा, मध्ये काहीतरी आडवं घालायचं किंवा शह देणारा मोहरा मारायचा. बाकी सगळे बेत जागच्या जागी थांबले.

हे थांबणं लक्षात ठेवा. इंग्रजी 'चेक'ची अर्धी कहाणी त्यात आहे.

शह म्हणजे फारसी शाह. राजा. पटावर राजावर हल्ला केला की प्रतिस्पर्ध्याला सावध करायला म्हणायचं, 'शाह!', म्हणजे तुझा राजा बघ. खेळ आपल्याकडून 'चतुरंग' या नावाने इराणात गेला, तिथे 'चतरंग' झाला, अरबांकडे 'शतरंज' झाला आणि स्पेन-इटलीच्या वाटेने दहाव्या शतकाच्या आसपास युरोपात शिरला. खेळाबरोबर ही आरोळीही गेली. लॅटिनमध्ये तिचं 'स्काकुस' झालं, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक'. इंग्रजांनी पुढचा 'ए' गाळला आणि 'चेक' उरला. त्या 'एशेक'चं अनेकवचन 'एशे', त्यापासून 'चेस'. म्हणजे चेस या खेळाच्या नावाचा अर्थ 'अनेक शह' किंवा 'अनेक राजे' असा काहीसा होतो. जर्मन त्याला शाख म्हणतात, रशियन शाखमाती म्हणतात, म्हणजे आपलं शह आणि मात जोडून. फ्रेंचमध्ये एकवचनी 'एशेक' आजही वापरात आहे आणि त्याचा अर्थ आहे अपयश. खेळणाऱ्यांपैकी कुणाच्या बाजूने तो शब्द तिथे रुजला असेल, ते उघड आहे.

'मात' या शब्दाबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगतात, की 'शाह मात' म्हणजे 'राजा मेला', कारण अरबीत 'माता' म्हणजे तो मेला. ऐकायला छान आहे. पण या खेळात राजा मरतच नाही. तो कोंडला जातो आणि खेळ तिथेच संपतो. फारसीत 'मात' म्हणजे थक्क झालेला, काही सुचेनासा झालेला. बाबांसमोर बसलेली मी आठवली की मला हाच अर्थ पटतो.

या शाहच्याही मागे जाता येतं, आणि मला खरी मजा तिथे आली. इराणमध्ये बेहिस्तूनच्या कड्यावर पहिल्या दारयवहूश राजाने, ज्याला ग्रीकांमुळे जग डरायस म्हणतं, त्याने अडीच हजार वर्षांपूर्वी स्वतःची ओळख कोरून ठेवली आहे. मी थोर राजा, राजांचा राजा, असं तो सांगतो, आणि राजासाठी जुन्या फारसीतला शब्द वापरतो: 'ख्शायथिय'. कालांतराने तोच झिजून शाह झाला, आणि 'राजांचा राजा'चं शहेनशाह. आता 'ख्शायथिय'मधला धातू बघा. राज्य करणे, सत्ता असणे. संस्कृतात त्याचं भावंड आहे 'क्षि', 'क्षयति' म्हणजे सत्ता गाजवतो. क्षत्र आणि क्षत्रिय ही त्याच घरातली मंडळी. म्हणजे मोबाइलवर कुणी 'चेक कर जरा' म्हणतं, तेव्हा क्षत्रियाचा एक दूरचा चुलतभाऊ तिथे टाइप होत असतो.

असं काही सापडलं की सगळीकडे शाह दिसायला लागतो, तेव्हा जपून. शाबासमध्ये शाह नाही. तो 'शाद बाश' आहे, म्हणजे खूश राहा. चेक प्रजासत्ताकातला चेकही वेगळा, त्याचा पटाशी काही संबंध नाही.

इंग्रजीत आल्यावर हा शब्द पटावर फार काळ बसला नाही. 14व्या शतकात चॉसरने एका कवितेत शोकात बुडालेला सरदार दाखवलाय. तो सांगतो, मी नियतीशी बुद्धिबळ खेळलो, तिने माझी 'फेर्स' उचलली आणि म्हणाली, 'चेक! मेट!' खरं म्हणजे त्याची प्रिया मेलेली असते. ही 'फेर्स' म्हणजे फारसी 'फर्झीन', राजाचा सल्लागार, आपला वजीर. युरोपने त्याची पुढे राणी केली, पण चॉसरपर्यंत नाव तरी जुनंच होतं. मराठीतही आपण एखाद्याला शह देतो, शह-काटशह खेळतो, मात करतो, आणि यातलं काहीही करताना समोर पट नसतो. दोन्ही भाषांनी एकाच खेळातून एकच गोष्ट उचलली. फक्त आपण राजकारणाशी थांबलो आणि इंग्रज थांबले नाहीत.

कारण शहाने खेळ थांबतो. म्हणून चेक म्हणजे अडवणूक. म्हणून चेक म्हणजे आवर, लगाम. म्हणून खर्च 'इन चेक'. आइस हॉकीत समोरच्याला अंगाने धडक देऊन अडवतात, तोही चेकच. मग या अडवण्याला हेतू आला: चूक किंवा लबाडी होऊ नये म्हणून मध्ये ठेवलेली गोष्ट, ती चेक. आणि त्यापुढची पायरी, थांबवून खातरजमा करणं. चेकपोस्टवर हे दोन्ही अर्थ अजून हातात हात घालून उभे असतात. आधी गाडी अडवतात, मग आत डोकावतात. 'ईमेल चेक करा'मध्ये अडवणं पार पुसलं गेलंय, डोकावणं तेवढं शिल्लक आहे.

चौकड्यांची वाट वेगळी. ती राजापासून निघत नाही, त्याच्या पटापासून निघते. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एशेकिए' म्हणत. तसं दिसणारं कापड ते चेकर्ड, पुढे नुसतं चेक्स. मोटारशर्यत संपताना फडकतो तो काळा-पांढरा झेंडाही त्याच पटाचा तुकडा. पोर्तुगीज लोकांनी शतरंजवरून केलेला 'शद्रेज' बुद्धिबळालाही वापरतात आणि चौकड्यांच्या कापडालाही. गंमत म्हणजे चतुरंगात चौकोनांचा उल्लेखच नाही. चार अंगं म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ, सैन्याची चार अंगं.

आणि मग ते टेबल. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात आवडलेली वस्तू.

12व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार होता रिचर्ड फिट्झनील. राजाच्या तिजोरीचा हिशोब कसा चालतो हे त्याने गुरुशिष्याच्या संवादातून लिहून ठेवलं. त्यात हे टेबल आहे: सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद, आणि वरचं काही घरंगळून पडू नये म्हणून कडेने चार बोटं उंच काठ. त्यावर काळं कापड, कापडावर रेघांनी आखलेले रकाने. उजवीकडचा पहिला रकाना पेनींचा, मग शिलिंगांचा, मग पौंडांचा, मग वीस-वीस पौंडांचा, मग शेकड्यांचा, हजारांचा. इस्टरला आणि सप्टेंबरअखेर मायकलमसला प्रांतोप्रांतीचे शेरीफ वसुली घेऊन तिथे यायचे. टेबलाच्या एका बाजूला मधोमध बसलेला हिशोबनीस त्या रकान्यांत सोंगट्या मांडायचा. वरच्या ओळीत येणं किती, खालच्या ओळीत भरले किती. मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वरच्या ओळीतून एकेक सोंगटी उचलायची. वर काही उरलं नाही तर शेरीफ सुटला.

हे सगळं का, तर आकडे रोमन. त्यांत वजाबाकी करून दाखवा बरं. एमसीसीएक्सएल वजा डीएलएक्सव्हीआय. शून्याची आणि स्थानमूल्याची पद्धत तिथल्या कारकुनांच्या हाताशी आलेली नव्हती, म्हणून त्यांनी स्थानमूल्य कापडावर आखून घेतलं. आणि समोर बसलेल्या शेरीफला लिहिता-वाचता येत नसलं तरी सोंगट्या तर दिसतात.

शिष्य विचारतो, याला 'स्काकारियुम' का म्हणतात? गुरू सांगतो, आकार बुद्धिबळाच्या पटासारखा म्हणून. आणि पटावर जशी दोन राजांत लढाई होते, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते म्हणूनही. त्या 'स्काकारियुम'चं इंग्रजीत एक्सचेकर झालं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवतो. टेबल गेलं, कापड गेलं, पट मात्र पदनामात राहिला.

पावत्या लाकडाच्या असायच्या. हेझलच्या काठीवर रकमेप्रमाणे खाचा: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. दोन्ही तुकड्यांवर त्याच खाचा आल्या. एक भरणाऱ्याकडे, एक तिजोरीत. पुढे तंटा झाला तर दोन तुकडे जोडून बघायचे. कुणी गुपचूप एखादी खाच वाढवली तर दुसऱ्या तुकड्याशी जुळणारच नाही. अशा काठ्या शतकानुशतकं साठत गेल्या. शेवटी 1834 साली कुणीतरी त्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या आणि 16 ऑक्टोबरच्या रात्री वेस्टमिन्स्टरचा बहुतेक सगळा राजवाडा, संसदेसकट, जळून गेला. जुनी कागदपत्रं आवरणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

बँकेचा चेक या काठीच्या वळणाचा. 18व्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' हे नाव पैसे देण्याच्या चिठ्ठीचं नव्हतंच. ते होतं चिठ्ठी फाडल्यावर मागे उरणाऱ्या अर्ध्या तुकड्याचं, काउंटरफॉइलचं. चिठ्ठीत कुणी रकमेची खाडाखोड केली तर तो उरलेला तुकडा तिला 'चेक' करणार, म्हणजे शह देणार. मग अशा तुकड्यासह छापलेल्या चिठ्ठीलाच चेक म्हणायला लागले. मागे राहणाऱ्याचं नाव हातात घेऊन जाणाऱ्याला मिळालं. शेवटी क्यू-यू-ई लावायची ब्रिटिश पद्धत एक्सचेकरच्या वळणाने आली. अमेरिकनांनी साधं सी-के ठेवलं, म्हणून माझ्या फाइलमधल्या 37 पैकी काही ओळी दिसायला अगदी सारख्या होत्या.

बँकेचा चेक अरबी 'सक्क'वरून आला, असं फॉरवर्डांमधून सांगतात. सक्क हा पैसे देण्याचा लेखी आदेश अरबी व्यापारात चालायचा, ते खरं. पण इंग्रजीचे मोठे कोश चेकची वंशावळ काउंटरफॉइलवरूनच लावतात, आणि वाटेतला प्रत्येक टप्पा तिथे दिसतो. मला कोशांचं पटतं.

या वाटेने गेल्यावर एका शब्दाबद्दलचं माझं मत बदललं. 'धनादेश' मला कायम सरकारी, कडक इस्त्रीचा वाटायचा. बोलताना मी चेकच म्हणते, पुढेही म्हणेन. पण धनाचा आदेश! या बँकेने या माणसाला एवढं धन द्यावं, असा आदेश. वस्तू काय आहे ते शब्द सरळ सांगतो. चेक बिचारा मागे राहिलेल्या कपट्याचं नाव सांगत फिरतोय. त्या फाइलमध्ये मी धनादेश लिहिला आणि पहिल्यांदाच मनापासून लिहिला.

अमेरिकेत तर हा कपटा आणखी उंडारला. सामान ठेवून घेतलं की हातात देतात तो बिल्ला चेक. जेवणाचं बिल चेक. 1880च्या दशकात बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला तर पुन्हा येण्यासाठी जे तिकीट द्यायचे तो 'रेन चेक', आणि आज कुणाचं आमंत्रण टाळताना लोक तेच म्हणतात. पोकरमध्ये 'चेक' म्हणजे मी आत्ता काही लावत नाही. बरोबरची खूणही अमेरिकनांची चेक. ब्रिटिश तिला टिक म्हणतात आणि भाषांतरकाराचे दुवे घेतात.

मला सगळ्यात चमत्कारिक वाटतं ते राज्यशास्त्रातलं 'चेक्स अँड बॅलन्सेस'. सत्तेच्या एका अंगाने दुसऱ्याला आवर घालायचा, कुणीही राजासारखं वागू नये म्हणून. आणि आवर घालणाऱ्या त्या शब्दाच्या पोटात कोण बसलाय, तर शाह. हसायला जावं तर आपलीही तीच गत. हुकूमशाही, नोकरशाही, राजेशाही, आणि लोकशाही. राजाला बाजूला सारून लोक आले, आणि आपण त्यांच्या नावाला शाहाचंच शेपूट जोडलं. रोज वर्तमानपत्रात वाचते, इतक्या वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं.

हे सगळं अर्थातच मी क्लायंटला लिहिलं नाही. एक तक्ता करून पाठवला: सात मराठी शब्द, प्रत्येकासमोर ओळींचे क्रमांक, आणि खाली एक वाक्य, की शब्द एकच आहे हे मान्य, पण त्याचे संसार वेगळे थाटले गेलेत. दोन दिवसांनी मंजुरी आली. 'इन चेक' असलेल्या ओळीत मी आधी 'नियंत्रणात' लिहिलं होतं, ते काढून 'आटोक्यात' केलं. चेक-इन आणि चेकआउट तसेच ठेवले. तिथे मराठी करायला गेलं की विमान सुटतं.

ओळ 212 चा पडदा दाखवा, असं तीनदा कळवलंय. बटण आहे, शीर्षक आहे, पैसे भरायचा पर्याय आहे की कापडाचा प्रकार, काहीच उत्तर नाही. बाकीच्या 639 ओळी काल गेल्या. ती एक अजून पिवळीच आहे. काल रात्री मी तिच्यात 'शह' लिहून पाहिलं, थोडा वेळ बघत बसले, आणि पुसून टाकलं.